अकुन्या आम्हाला कितीला पडला?

एप्रिल २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल क्लबने दोन पोरांच्या सह्या घेतल्या. २ एप्रिलला रोनाल्ड अकुन्या ज्युनियरची: आठ वर्षं, १० कोटी डॉलर. ११ एप्रिलला ओझी अल्बीजची: सात वर्षं, साडेतीन कोटी डॉलर. अकुन्या तेव्हा २१ वर्षांचा होता आणि इतक्या लहान वयात १० कोटींचा करार करणारा बेसबॉलमधला पहिलाच. अल्बीज २२ चा. अटलांटात आमच्या ओळखीपाळखीत ज्याला म्हणून बेसबॉल कळत होतं, तो त्या दिवसांत एकच बोलत होता, "काय स्वस्तात पडले रे!" क्लबच्या तिजोरीशी आमचा संबंध तिकिटाचे आणि पार्किंगचे पैसे भरण्यापुरता. तरी आनंद असा, की जणू ही बचत आमच्याच खात्यात जमा होणार आहे.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसून आहे. तरुण खेळाडूचा लांब पल्ल्याचा करार चांगला की वाईट हे ठरवताना आपण नेमके कुणाच्या बाजूला बसलेलो असतो?

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या पगारांचं गणित आधी उलटंच वाटतं. आयपीएलच्या लिलावात दहा संघ पाट्या उचलतात आणि पोरगा चांगला असेल तर पहिल्याच वर्षी भाव फुटतो. बेसबॉलमध्ये मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग, अमेरिकेतली सर्वांत वरची) पाऊल टाकलेल्या पोराला सहा वर्षं लिलावच नाही. ज्या क्लबने त्याला आणलं त्याच्याकडेच राहायचं. पहिली साधारण तीन वर्षं किमान वेतन, म्हणजे २०१९ मध्ये ५ लाख ५५ हजार डॉलर. मग साधारण तीन वर्षं लवाद: खेळाडू एक आकडा सांगतो, क्लब दुसरा, आणि लवाद त्यांतला एकच उचलतो, मधला काढत नाही. सहा वर्षं भरली, की मग खुला बाजार. मोठ्या लीगच्या संघात काढलेले दिवस म्हणजे सेवा; सेवेचं एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात आणि मोसम चालतो साधारण १८७ दिवस. म्हणजे एखाद्या पोराला मोसमाच्या सुरुवातीला दोन-तीन आठवडे खालच्या लीगमध्ये बसवून ठेवलं, की वर्ष अपुरं राहतं आणि क्लबला शेवटी एक अख्खं वर्ष जास्तीचं मिळतं. २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचे १७१ दिवस भरले. एक कमी. त्याने दाद मागितली आणि २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. अकुन्याचंही तेच झालं. २०१८ च्या वसंत शिबिरात त्याने दणकून बॅटिंग केली, मग त्याला खाली पाठवलं आणि वर बोलावलं ते २५ एप्रिलला. त्याची सुटका त्यामुळे २०२३ च्या शेवटी व्हायची ती २०२४ च्या शेवटावर गेली.

ही सहा वर्षं आली कुठून, ही गोष्ट मला फार आवडते. १९७५ पर्यंत खेळाडूला सुटकाच नव्हती. करार संपला तरी क्लबचा हक्क संपत नसे. कर्ट फ्लड या खेळाडूने सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ नावाच्या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) बाजूने निकाल दिला आणि बांध फुटला. आता गंमत पाहा. ओकलंड क्लबचा मालक चार्ली फिन्ली म्हणाला, सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करून टाका. बाकीच्या मालकांनी त्याला वेड्यात काढलं. खेळाडू संघटनेचा मार्व्हिन मिलर मात्र मनातून धास्तावला होता, कारण सगळा माल एकदम बाजारात आला तर भाव कोसळणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तडजोडीत सहा वर्षं ठरली. ज्यांची सहा वर्षं भरली त्यांना बाजारात टंचाईचा भाव मिळू लागला. त्याची किंमत मोजतात ती ज्यांची भरलेली नाहीत ती पोरं. मिलर या खेळातला सर्वांत हुशार वाटाघाटी करणारा होता असं मी मानतो. पण तरुणांच्या वाट्याला आलेल्या या दरीवर त्याचीही सही आहे.

अकुन्या व्हेनेझुएलाचा, ला ग्वायरा किनाऱ्याकडचा. १६ व्या वर्षी ब्रेव्ह्जने त्याला घेतलं ते एक लाख डॉलरवर. त्याचे वडील, तेही रोनाल्ड अकुन्या, न्यूयॉर्क मेट्सच्या खालच्या संघांत अनेक वर्षं खेळले आणि मोठ्या लीगपर्यंत कधी पोचले नाहीत. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हुशार पोरं वाटेत कशी गळतात हे त्या घराला बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती, ते त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच बसलेलं होतं. त्यात २०१९ च्या मार्चमध्ये अख्ख्या व्हेनेझुएलात दिवसेंदिवस वीज नव्हती, बोलिव्हारची किंमत रोज घसरत होती. त्यानंतर काही आठवड्यांत कुणी समोर १० कोटी डॉलर ठेवतं. त्या पोराच्या डोक्यात काय चाललं होतं हे मी सांगू शकत नाही. पण 'थांबायला हवं होतं' असं म्हणणाऱ्याने निदान हे दृश्य एकदा डोळ्यांसमोर आणावं.

आता करार उलगडून पाहू. २०१९ आणि २०२० ला १०-१० लाख. २०२१ ला ५० लाख. २०२२ ला दीड कोटी. २०२३ ते २०२६ दरवर्षी १ कोटी ७० लाख. इथवर झाले ९ कोटी. त्यापुढे २०२७ आणि २०२८ ही दोन वर्षं क्लबच्या मर्जीची: ठेवायचं असेल तर त्याच १ कोटी ७० लाखांत, नको असेल तर १ कोटी देऊन रामराम. दोन्ही वर्षं ठेवला तर दहा वर्षांचे १२ कोटी ४० लाख होतात. वर्तमानपत्रं मथळ्यात १० कोटी छापतात आणि चर्चा त्या आकड्यावर फिरत राहते. माझ्या मते एकूण रक्कम ही अशा करारातली सर्वांत कमी बोलकी गोष्ट. बघायचं असतं ते दोनच ठिकाणी: बाजारातली नेमकी कोणती वर्षं विकली गेली, आणि शेवटच्या पानावर निवड कुणाच्या हातात ठेवली.

पहिली सहा वर्षं तर क्लबचीच होती, ती विकायला अकुन्याकडे होतीच कुठे? त्याने विकली ती २०२५ ते २०२८. चार वर्षं. वयाच्या २७ ते ३० ची. बॅटरची म्हणून जी उमेदीची वर्षं समजतात त्यांतलीच.

आमच्याकडे वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचे बगीचे असेच विकले जातात. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली की व्यापारी येतो, झाडांमधून फिरतो, अंदाज बांधतो आणि उभा बगीचा उक्ता घेतो. इसार हातावर ठेवला की पुढची फळगळ त्याची, गारपीट त्याची, नागपूर-दिल्लीचा भावही त्याचा. आमचे मोठे बाबा बहुतेक वर्षी असाच सौदा करायचे. दिवाळीनंतर भाव चढला की शेजारपाजारचे हमखास टोचायचे, "थांबले असते तं दुप्पट भेटले असते." मोठे बाबा म्हणायचे, "पोट्टीचं लगन तं थांबत नाही न बाप्पा!" हिशेब म्हणून पाहिलं तर शेजारी बरोबर असत. पण शेजाऱ्यांच्या घरी त्या साली लग्न नसे. आणि व्यापारी एका वेळी दहा-बारा बगीचे घेऊन बसलेला असे. दोन गारपिटीत गेले तरी बाकीचे त्याला तारून नेत. मोठ्या बाबांकडे बगीचा एकच होता.

क्लब आणि खेळाडू यांच्यातला फरक तोच आहे. ब्रेव्ह्जने २०२२ या एका वर्षात मॅट ओल्सन, ऑस्टिन रायली, मायकल हॅरिस, स्पेन्सर स्ट्रायडर, शॉन मर्फी अशा पाच जणांना लांब करारांत बांधलं. स्ट्रायडरच्या कोपरावर २०२४ च्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. क्लबच्या वहीत ती एका ओळीची नोंद. स्ट्रायडरला हात मात्र तो एकच. म्हणून खेळाडू खात्रीसाठी जी सूट देतो ती मूर्खपणा नसते, तो विम्याचा हप्ता असतो. आणि हप्ता जास्त की कमी हे घर जळलं का, यावरून ठरवणं हा प्रकार मला कधी पटलेला नाही.

पण चाहते तेच करतात, मोठ्या हौसेने करतात. बेसबॉलमध्ये 'वॉर' नावाचं एक माप आहे: कुठूनही सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या जागी हा खेळला तर वर्षात किती सामने जास्त जिंकले जातील. खुल्या बाजारात अशा एका विजयाला गेली काही वर्षं सुमारे ८० लाख डॉलर पडतात असं ढोबळ गणित मांडतात. २०२३ मध्ये अकुन्याने ४१ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि ७३ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा टप्पा गाठला. एकाच मोसमात ४० आणि ७० हा जोड त्याआधी कुणी जमवला नव्हता. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला एकमताने मिळाला. त्याचं वॉर त्या वर्षी आठच्या वर गेलं. आठ गुणिले ८० लाख म्हणजे ६ कोटी ४० लाख, पगार १ कोटी ७० लाख. झाला ना एका वर्षात पावणेपाच कोटींचा नफा! असं म्हणत आम्ही टाळ्या देतो. या नफ्याला इथल्या आकडेमोड्या मंडळींत 'सरप्लस व्हॅल्यू' म्हणतात. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक पोरगा ऑगस्टच्या उकाड्यात दुसऱ्या बेसवर छातीवर घसरतोय, आणि स्टँडमध्ये बसलेले आम्ही, स्वतःच्या कंपनीत दीड टक्क्याच्या पगारवाढीवरून चिडणारे, त्याला किती कमी पैसे मिळाले यावर खूश. वेतनातली तफावत हा मालकाच्या वहीतला नफा आहे. ती चाहत्यांची भाषा कधी झाली कुणास ठाऊक.

याला एक उत्तर दिलं जातं आणि ते अगदीच पोकळ नाही: वाचलेले पैसे क्लब दुसऱ्या खेळाडूंवर लावेल, संघ बळकट होईल. कधीकधी होतोही. २०२१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, ब्रेव्ह्जने जिंकली. पण ब्रेव्ह्जची मालकी असलेली कंपनी २०२३ पासून शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदलेली आहे आणि तिचे हिशेब कुणालाही वाचता येतात. २०२३ ची उलाढाल ६४ कोटी डॉलरच्या आसपास. त्यात स्टेडियमला लागून असलेल्या 'बॅटरी'मधल्या दुकानांचं आणि कचेऱ्यांचं भाडंही येतं. अकुन्याचे वाचलेले पैसे त्या ६४ कोटींत कुठल्या वाटेने वाहतात, हे मैदानातल्या खुर्चीवरून दिसत नाही.

आता गुडघे. २०२१ ची ती वर्ल्ड सिरीज अकुन्याने बाहेर बसून पाहिली, कारण १० जुलैला मायामीत एक उंच चेंडू पकडायला उडी मारताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. पुढचं वर्ष चाचपडण्यात गेलं. मग ते झळझळीत २०२३. आणि २६ मे २०२४ ला पिट्सबर्गमध्ये बेसांच्या मधोमध, कुणाचा धक्का नाही की काही नाही, डावा गुडघा गेला.

तारीख पुन्हा पाहा. करार नसता तर २०२४ हेच त्याचं बांधील असलेलं शेवटचं वर्ष. त्याच शरद ऋतूत तो बाजारात उभा राहिला असता: वय २६, एकमताने सर्वोत्तम ठरलेला खेळाडू, आणि दोन्ही गुडघे उघडलेले. त्याच बाजारात त्या वेळी हुआन सोटो होता. २०१८ च्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात अकुन्या पहिला आणि सोटो दुसरा आलेला. त्या सोटोने २०२२ मध्ये वॉशिंग्टनचा १५ वर्षांचा, ४४ कोटींचा प्रस्ताव नाकारला होता. क्लबने त्याला काही दिवसांत विकून टाकलं, लोकांनी त्याला हावरट म्हटलं. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी दिले.

दोघांची कमाई शेजारी मांडली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत सोटोला लवादाच्या वाटेने ८५ लाख, १ कोटी ७१ लाख, २ कोटी ३० लाख आणि ३ कोटी १० लाख मिळाले. सगळे मिळून जवळजवळ ८ कोटी. अकुन्याला त्याच चार वर्षांत ५ कोटी ४० लाख. अडीच कोटींचा फरक. मोठा आहे, पण आकाश कोसळावं असा नाही. खरी दरी २०२५ नंतरची. सोटोला वर्षाला सरासरी ५ कोटी १० लाख, अकुन्याला १ कोटी ७० लाख. मात्र सोटोचे गुडघे शाबूत होते. अकुन्याला २०२४ च्या डिसेंबरात खुल्या बाजारात काय मिळालं असतं याचा नेमका आकडा कुणी काढू शकत नाही. सोटोच्या जवळपासचा तो नसता, एवढं मी पैजेवर सांगतो. बहुधा एखाद्या वर्षाचा, 'आधी धावून दाखव' असा करार. २३ मे २०२५ ला परतल्यावर पहिल्याच चेंडूवर त्याने होम रन मारला, पण तो चेंडू येईपर्यंत कुठलाही क्लब कोटींचे धनादेश फाडत बसला नसता.

म्हणून अकुन्याचा करार मी रास्त मानतो. उदार नाही, रास्त. आणि तो रास्त आहे हे गुडघ्यांनी सिद्ध केलं असं माझं म्हणणं नाही. गुडघे धडधाकट राहिले असते आणि त्याने दरवर्षी २०२३ सारखाच खेळ केला असता, तरी २ एप्रिल २०१९ ला त्या घरातल्या पोराने ती सही करणं मला शहाणपणाचंच वाटलं असतं. सोटोला १६ व्या वर्षी १५ लाख डॉलरचा बोनस मिळाला होता, अकुन्याला १ लाख. धीर धरायलाही भांडवल लागतं. व्लादिमिर गरेरो ज्युनियर शेवटच्या वर्षापर्यंत थांबला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये टोरोंटोकडून ५० कोटी घेऊन गेला; त्याचा बोनस ३९ लाखांचा होता आणि वडील हॉल ऑफ फेममध्ये.

इथे माझाच सिद्धांत अडचणीत आणणारा एक माणूस आहे, फर्नांडो तातीस ज्युनियर. त्याचेही वडील मोठ्या लीगमध्ये खेळलेले, एका डावात दोन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारणारे. तरी पोराने खालच्या लीगमध्ये असताना एका गुंतवणूक कंपनीकडून २० लाख डॉलर घेतले आणि बदल्यात मोठ्या लीगमधल्या कमाईचा दहावा हिस्सा लिहून दिला. २०२१ मध्ये सॅन दिएगोने त्याला १४ वर्षांसाठी ३४ कोटी दिले. दहावा हिस्सा ३ कोटी ४० लाख! प्रकरण पुढे कोर्टात गेलं. घरात बेसबॉल होतं, पैसाही अगदीच नव्हता असं नाही, तरी १८ व्या वर्षी हातात रोख लागते. माणसं सिद्धांताप्रमाणे वागत नाहीत, विशेषतः अठरा वर्षांची.

आपल्याकडचं उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. १९९५ मध्ये वर्ल्डटेलच्या मार्क मस्कारेन्हसने २२ वर्षांच्या सचिनशी जाहिरातींसाठी पाच वर्षांचा, ३० कोटी रुपयांचा करार केला, तेव्हा मस्कारेन्हस वेडा झालाय असं लोक म्हणत होते. पाच वर्षांनी सगळ्यांना सचिनच स्वस्तात गेला असं वाटू लागलं. पण तो करार पाच वर्षांचा होता. २००१ मध्ये सचिन पुन्हा टेबलाशी बसला, आणि या वेळी आकडा ८० कोटींवर गेला. ऐन बहरात, २८ व्या वर्षी, भाव पुन्हा ठरवायची मोकळीक त्याच्याकडे होती. आपला बाजारभाव काय हे अकुन्याला कळेल २०२८ च्या मोसमानंतर, ३१ व्या वाढदिवसाच्या तोंडावर.

आणि अल्बीज. तो क्युरासाओचा, दीड लाखांच्या आसपास वस्तीच्या बेटावरचा. साडेतीन लाख डॉलरच्या बोनसवर आलेला. सही केली तेव्हा त्याने एक अख्खा मोसम गाजवला होता. २०१८ मध्ये २४ होम रन, ऑल-स्टार संघात निवड. करार असा: १० लाख, १० लाख, ३० लाख, ५० लाख, मग तीन वर्षं ७०-७० लाख, आणि पुढची दोन वर्षं पुन्हा क्लबच्या मर्जीची, तीही ७० लाखांतच. एरवी २०२३ नंतर तो मोकळा झाला असता. म्हणजे खुल्या बाजारातली चार वर्षं त्याने दरवर्षी ७० लाखांना दिली. त्याच जागेवर, दुसऱ्या बेसवर, खेळणाऱ्या मार्कस सिमियनला टेक्ससने २०२१ च्या अखेरीस सात वर्षांसाठी साडेसतरा कोटी दिले, वर्षाला अडीच कोटी. सिमियन तेव्हा ३१ चा होता.

कुटुंबाला सुरक्षितता हवी होती, पैशाकडे पाहिलं नाही, असं अल्बीजने तेव्हा सांगितलं, आणि ते मनापासून असणार. तरी मी हा करार वाईट मानतो, सहीच्या दिवशीसुद्धा वाईट. पहिल्या दोन-अडीच कोटींत घरच्या तीन पिढ्यांची सोय झालीच होती. मग ती शेवटची दोन वर्षं कशासाठी दिली? त्यांतून त्याला कसलीही सुरक्षितता मिळत नव्हती. चांगला खेळला तर क्लब ७० लाखांत ठेवणार, वाईट खेळला तर ४० लाख देऊन सोडणार. विम्याचा हप्ता भरलेला आणि वर घराच्या किल्ल्याही देऊन टाकलेल्या. त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी त्या टेबलावर होतंच. त्याने निदान ही दोन वर्षं खोडायला हवी होती. २०२४ आणि २०२५ मध्ये अल्बीजची बॅट थंडावली, मनगट मोडलं, आकडे उतरले, आणि आता काही जण म्हणतात की झालं ते बरंच झालं, बाजारात त्याला फार काही मिळालं नसतं. असेलही. फळगळ झाली म्हणून उक्ता सौदा मागाहून चांगला ठरत नाही, आणि भाव चढला म्हणून वाईटही.

उलट टोकाला जॉन सिंगल्टन. २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला मोठ्या लीगमधला एकही सामना खेळण्याआधी पाच वर्षांसाठी १ कोटी डॉलर दिले. काही खेळाडूंनी तेव्हा जाहीरपणे नाकं मुरडली: एवढ्यात विकला, बाकीच्यांचा भाव पाडला. सिंगल्टनची त्या वर्षीची बॅटिंगची सरासरी .१६८, म्हणजे अगदीच केविलवाणी. चार वर्षांत क्लबने त्याला सोडलं. ते १ कोटी नसते तर त्याच्या हाती काय लागलं असतं, हे नाकं मुरडणाऱ्यांनी नंतर कधी मोजलेलं माझ्या वाचनात नाही.

शेवटच्या पानाची किंमत हळूहळू पोरांनाही कळू लागली आहे. कॅन्सस सिटीच्या बॉबी विट ज्युनियरने २०२४ मध्ये ११ वर्षांचा, २८ कोटी ८७ लाखांचा करार केला. त्यात सातव्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा त्याची, क्लबची नाही. सिअॅटलच्या हुलिओ रॉड्रिगेझच्या २०२२ च्या करारात हमी सुमारे २१ कोटींची, पण सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात वर येत गेला तर रक्कम ४७ कोटींपर्यंत चढते. दोघेही विमा उतरवून मोकळे, आणि पीक चांगलं आलं तर वाटाही राखून. विटच्या वडिलांनीही मोठ्या लीगमध्ये पिचिंग केलं होतं आणि बोनस ७८ लाखांच्या घरातला होता, हे पुन्हा सांगायला नको.

२०२२ च्या, क्लबमालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात सेवेच्या दिवसांच्या खेळावर थोडा लगाम आला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला आता वर्ष पुरं धरून मिळतं. हा नियम २०१८ ला असता तर अकुन्या आणि सोटो दोघांचीही बांधिलकी एक वर्ष आधी संपली असती. अकुन्या २०२३ च्या त्या मोसमानंतर, दुसरा गुडघा जायच्या आधी, बाजारात. सहा वर्षांची अट मात्र जागच्या जागी आहे. हा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि त्यापुढच्या वाटाघाटी कडवट होतील असं सगळेच धरून चाललेत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनने रोमन अँथनी या २१ वर्षांच्या पोराला आठ वर्षांसाठी १३ कोटी दिले. मोठ्या लीगमध्ये त्याचे पन्नास सामनेही झाले नव्हते. बॉस्टनला राहणाऱ्या एका मित्राचा लगेच फोन, आवाजात तोच २०१९ चा आनंद. सप्टेंबर उजाडताच अँथनीच्या बरगडीजवळचा स्नायू दुखावला आणि त्याचा मोसम संपला; त्या दिवशी फोन आला नाही. मित्राला मी एवढंच विचारलं होतं, की नवव्या वर्षाचा निर्णय कुणाकडे आहे? त्याने शोधून सांगितलं: क्लबकडे.